रिकाम्या चौकटीतील संख्या

दुसऱ्या इयत्तेतील मुलापुढे ७ + □ = १२ असे उदाहरण ठेवले, तर पुष्कळदा ते चौकटीत १९ लिहून मोकळे होते. घरातील वडील माणसे वहीत डोकावून पाहतात आणि मुलाचे लक्ष नाही, असा निकाल तेथल्या तेथे देऊन टाकतात. हा निकाल अन्यायाचा आहे. मुलाने ७ पाहिले, अधिकाचे चिन्ह पाहिले, १२ पाहिले. आणि अधिकाचे चिन्ह दिसले म्हणजे संख्यांची बेरीज करावयाची, हे वर्षभर शिकविलेले काम त्याने इमानाने केले. सात आणि बारा एकोणीस, ही बेरीज तर अचूकच आहे. चूक बेरजेत नाही, ते वाक्य वाचण्यात आहे. आणि ते कसे वाचावयाचे, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेलेच नसते.

उदाहरण दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु चार-पाच वर्षांनी ह्याच रिकाम्या चौकटीच्या जागी ‘क्ष’ हे अक्षर येऊन बसते, आणि त्यालाच आपण बीजगणित म्हणतो. चौकटीचा अर्थ ज्याला लहानपणी उमगला, त्याला क्ष हा जुना ओळखीचा पाहुणा वाटतो. ज्याला तो उमगला नाही, त्याला बीजगणित म्हणजे पाठ करावयाच्या युक्त्यांची एक गाठोडी वाटू लागते; आणि ‘आमच्या मुलाला गणिताचे अंग नाही’ असे म्हणण्याची वेळ आठवीत येते, तिचे मूळ कित्येकदा दुसरीच्या वहीत सापडते.

ह्या घोटाळ्याला आपली भाषाही थोडी कारण आहे. ७ + ५ = १२ हे आपण ‘सात अधिक पाच बरोबर बारा’ असे वाचतो. ‘बरोबर’ हा शब्द मोठा मनमिळाऊ आहे. ‘समान’ हा त्याचा एक अर्थ, ‘अचूक’ हा दुसरा, आणि ‘सोबत’ हा तिसरा. आता वर्गात गुरुजी उत्तर तपासताना ‘बरोबर’ म्हणतात ते दुसऱ्या अर्थाने. आणि मूल दिवसभर ऐकते तो हाच अर्थ. तेव्हा = हे चिन्ह पाहताच ‘ह्यापुढे अचूक उत्तर लिहावयाचे’ अशी त्याची समजूत झाली, तर त्यात नवल काय? त्याच्या लेखी ते चिन्ह म्हणजे एक हुकूम असतो: गणित संपले, आता उत्तर द्या. ‘सात अधिक पाच म्हणजेच बारा’ किंवा ‘सात अधिक पाच आणि बारा सारखेच’ असे वाचण्याची सवय आरंभापासून लावली, तर हा गैरसमज बराचसा टळतो.

हा गैरसमज केवळ मराठी मुलांचा आहे, असेही नाही. अमेरिकेत फॉकनर, लेव्ही आणि कारपेंटर ह्या तीन अभ्यासकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात एका पाहणीची हकीकत दिली आहे. मुलांना ८ + ४ = □ + ५ एवढेच उदाहरण घातले होते. सहाव्या इयत्तेच्या १४५ मुलांपैकी एकानेही चौकटीत ७ लिहिले नाही. सर्वांनी १२ किंवा १७ लिहिले. आठ आणि चार बारा, म्हणून १२. आणि उरलेले ५ वाया कसे घालवावयाचे, म्हणून कोणी १७. ही मुले मोठमोठ्या बेरजा करीत होती, गुणाकार-भागाकार करीत होती. चुकत होते ते केवळ दोन आडव्या रेघांच्या त्या चिन्हाचा अर्थ लावण्यात.

प्रौढ माणसेही ह्या बाबतीत निर्दोष नसतात. वाण्याच्या हिशोबाच्या चिठोऱ्यावर ७ + ५ = १२ + ३ = १५ अशी आगगाडी हमखास दिसते. बोलताना ती चालते. कागदावर मात्र ती ७ + ५ म्हणजे १५ असे विधान करते, आणि ते सर्वस्वी खोटे आहे. ‘सात आणि पाच बारा’ ही एक ओळ, ‘बारा आणि तीन पंधरा’ ही दुसरी ओळ, असे लिहावयास एक ओळ अधिक लागते, एवढेच. मुलांसमोर हिशोब लिहिणाऱ्यांनी तेवढी शाई खर्च करावी.

= ह्या चिन्हाची जन्मकथा सांगितली तर मुलांना त्याचा अर्थ चांगला ठसतो. वेल्समध्ये जन्मलेल्या रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वैद्याने १५५७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द व्हेटस्टोन ऑफ विट’ ह्या ग्रंथात ते प्रथम छापले. ‘ह्याच्या बरोबर ते’ असे शब्द पुनःपुन्हा लिहून तो कंटाळला होता. म्हणून त्याने सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा योजिल्या. कारण त्यांच्याहून अधिक सारख्या अशा दोन वस्तू त्याला सुचेनात. म्हणजे त्या चिन्हात हुकूम मुळीच नाही. डावीकडे जेवढे तेवढेच उजवीकडे, एवढीच साक्ष ते देते.

तराजूच्या दोन पारड्यांनी ही साक्ष डोळ्यांना दिसते. खेळण्यातला तराजू घरी असल्यास एका पारड्यात एकाच जातीची बारा नाणी ठेवावी. दुसऱ्या पारड्यात सात नाणी उघडी आणि पाच नाणी कागदाच्या पुडीत बांधून ठेवावी. पुडीच्या कागदाचे वजन आड येऊ नये म्हणून पहिल्या पारड्यातही तसाच कोरा कागद टाकावा. चिंचोके घेऊ नयेत, ते सारख्या वजनाचे नसतात. काटा मध्यावर स्थिर राहिला म्हणजे पुडीत किती नाणी, हे मुलाला विचारावे. पुडी म्हणजेच चौकट. ती रिकामी नसते. तिच्यात ठरलेली संख्या असते, ती आपल्याला दिसत नाही इतकेच. तराजू नसेल तर बारा चिंचोके मुलाकडून मोजून घ्यावे, त्याने डोळे मिटताच काही वाटीखाली झाकावे आणि सात उघडे ठेवावे. येथे वजनाचा प्रश्न नसल्याने चिंचोके चालतात. मुलाने उत्तर सांगितल्यावर वाटी उचलावी. शाबासकी किंवा रागावणे ह्यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. निवाडा वाटीच करते.

आता मूल हे उत्तर शोधते कसे, ते पाहणे मोठे उद्बोधक आहे. प्रथम ते बोटांवर किंवा बोटांच्या पेरांवर मोजते, आणि त्यात अडवणूक करू नये. सातापासून पुढे मोजून बारापर्यंत जावयाचे आणि किती पावले पडली ती सांगावयाची. ह्या ठिकाणी एक ठरलेली चूक होते. मूल ‘सात’ म्हणतानाच पहिले बोट मोडते आणि सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा अशी सहा बोटे मोजून ६ लिहिते. चुकीचे कारण स्पष्ट आहे: सात ही उभे राहण्याची जागा आहे, पाऊल नव्हे. जमिनीवर खडूने शून्यापासून वीसपर्यंत खुणा करून मुलाला सातावर उभे करावे आणि उड्या मारावयास सांगावे. पहिली उडी आठावर पडते, हे पायांना कळले म्हणजे बोटांनाही कळते.

मोजण्याचा कंटाळा येऊ लागला, की त्यापुढची पायरी आपोआप सुचते. सातापासून दहापर्यंत तीन, दहापासून बारापर्यंत दोन, मिळून पाच. दुकानदार वर्षानुवर्षे हेच करीत आला आहे. ६३ रुपयांच्या सामानाला गिऱ्हाईकाने शंभराची नोट दिली, तर जुना दुकानदार वजाबाकी मांडीत बसत नाही. तो त्रेसष्ट म्हणून सात रुपये ठेवतो आणि सत्तर म्हणतो. मग दहा-दहाच्या तीन नोटा ठेवून ऐंशी, नव्वद, शंभर म्हणतो. त्याने ६३ + □ = १०० हे समीकरण सोडविले, आणि गिऱ्हाईकासमोर त्याचा ताळाही करून दाखविला. १९५७ सालापूर्वी रुपयाचे सोळा आणे होते; तेव्हा अकरा आण्यांत किती घातले म्हणजे रुपया होईल, हा प्रश्न बाजारात जाणाऱ्या प्रत्येक मुलाला तोंडी सोडवावा लागे. आता मोड देण्याचे प्रसंगच कमी झाले आहेत. मोबाइलने पैसे चुकते होतात ते पैशापर्यंत नेमके. तेव्हा पूर्वी बाजार जे फुकट शिकवीत असे, ते आता घरात मुद्दाम शिकवावे लागणार.

चौकट मध्ये असताना ज्याला अडचण पडत नाही, तेच मूल चौकट आरंभी आली की थबकते. □ + ५ = १२ ह्या उदाहरणात उत्तर पुन्हा सातच; परंतु उभे राहावयास जागाच नाही. खडूच्या रेघेवर कोणत्या खुणेवर उभे राहावे, हेच माहीत नाही, मग उडी कोठून मारणार? येथे दोन वाटा आहेत. बेरजेत संख्यांची अदलाबदल केली तरी बेरीज बदलत नाही, हे मुलाच्या अनुभवाचे झाले असेल, तर ते ५ + □ = १२ असे वाचून पाचावरून निघेल. दुसरी वाट गोष्टीची. ‘सुमनच्या परकराच्या ओच्यात काही बोरे होती. आजीने आणखी पाच घातली. आता बारा झाली.’ गोष्ट उलटी फिरविली, आजीची पाच बोरे परत दिली, की आरंभीची बोरे उरतात. वजाबाकी येथे प्रथम डोकावते. आणि ती नियम म्हणून येत नाही, झालेली गोष्ट उलगडण्याचा उपाय म्हणून येते. ह्या उलगडण्याला आपल्याकडे विलोमविधी असे जुने नाव आहे. शेवटापासून आरंभाकडे यावयाचे, आणि वाटेत मिळविले असेल ते वजा करावयाचे, ही रीत आर्यभटाने ४९९ सालच्या आपल्या ग्रंथात सांगितली आहे.

गोष्टीच्या उदाहरणांत एक सापळाही आहे. ‘रमाजवळ गोपाळपेक्षा ५ गोट्या अधिक आहेत. रमाजवळ १२ गोट्या आहेत, तर गोपाळजवळ किती?’ असे विचारताच अनेक मुले १७ म्हणतात. कारण ‘अधिक’ हे मराठीत त्या चिन्हाचेच नाव आहे! आणखी, मिळून, एकूण हे शब्द दिसले की बेरीज, आणि उरले, कमी झाले हे दिसले की वजाबाकी, अशी कुंजी कित्येक शिकवण्यांत मुलांच्या हाती देण्यात येते. ती चार दिवस चालते आणि पाचव्या दिवशी घात करते. शब्द पकडण्याऐवजी गोपाळच्या गोट्यांसाठी एक चौकट काढून □ + ५ = १२ असे मांडावे; मग ‘अधिक’ हा शब्द जेथे असावयास पाहिजे तेथेच जाऊन बसतो.

ह्याहून अधिक घात करणारी दुसरी कुंजी म्हणजे ‘संख्या पलीकडे नेली की चिन्ह बदलते’. पालकांना ही फार प्रिय आहे, कारण त्यांना स्वतःला ती आठवते. परंतु संख्या पलीकडे जाते म्हणजे काय, तिला पाय फुटतात काय, आणि वाटेत तिचे चिन्ह कोण बदलते, हे त्यांना विचारले तर उत्तर येत नाही. वस्तुतः काहीच पलीकडे जात नाही. एका पारड्यात पुडी आणि सात नाणी, दुसऱ्यात बारा. पहिल्यातून सात नाणी उचलली तर काटा ढळेल. तो ढळू नये म्हणून दुसऱ्यातूनही सात उचलावयाची. एकीकडे पुडी उरते, दुसरीकडे पाच. समीकरण ह्या शब्दातच हे सर्व आले आहे: समीकरण म्हणजे सम करणे. दोन्ही बाजूंतून सारखेच काढून टाकण्याला भास्कराचार्यांच्या बीजगणितात समशोधन म्हटले आहे, आणि हे नाव इतके नेटके आहे की शाळेच्या पुस्तकांतून ते मागे पडले, ह्याची हळहळ वाटते.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ ११५० साली पुरा झाला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग होत. अज्ञात संख्येला ते यावत्तावत् म्हणत, म्हणजे ‘जितके असेल तितके’. आणि लिहिताना त्याचे आद्याक्षर ‘या’ तेवढे घेत. अज्ञात संख्या एकाहून अधिक असल्या तर दुसरीला कालक, तिसरीला नीलक, चौथीला पीतक अशी रंगांची नावे. ज्ञात संख्येला रूप, म्हणजे ‘रू’. बरोबरीचे चिन्ह त्या काळी नव्हते. दोन बाजू एकीखाली एक मांडीत. दुसरीच्या मुलाचे ७ + □ = १२ हे उदाहरण त्या पद्धतीने असे दिसेल:

या १ रू ७
या ० रू १२

खालच्या ओळीत ‘या’ नाही, तरीही ‘या ०’ असे लिहून त्याची जागा राखली आहे. वरच्या रूपातून सात गेले, खालच्यातूनही सात गेले, की ‘या’ बरोबर पाच. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव ह्याने खानदेशात चाळीसगावाजवळील पाटण येथे मठ स्थापिला. १२०७ सालचा त्याविषयीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी उजेडात आणला.

चौकटीचा आणखी एक पूर्वज आहे, आणि तो अधिक मनोवेधक आहे. १८८१ साली पेशावरच्या परिसरातील बक्षाली ह्या गावी (ते आता पाकिस्तानात आहे) भूर्जपत्रांवर लिहिलेली एक गणिताची पोथी जमिनीत सापडली. सध्या ती ऑक्सफर्ड येथील बोडलियन ग्रंथालयात आहे. तिच्यात अज्ञात संख्येच्या जागी एक टिंब दिलेले आढळते, आणि शून्यासाठीही तेच टिंब वापरले आहे. येथे एक जागा आहे आणि ती अद्याप भरावयाची आहे, एवढेच ते टिंब सांगते. दुसरीच्या पुस्तकातील चौकट ह्याहून निराळे काय सांगते?

आता थोडे मोठे उदाहरण घ्यावे: □ + २८ = ६५. ह्या ठिकाणी मुलाला अजमास करू द्यावा. ‘अंदाजाने उत्तर देऊ नकोस’ असे दटावण्याची वडीलधाऱ्यांना सवय असते, परंतु अजमास करून तो सुधारणे ही फार प्राचीन आणि प्रतिष्ठित रीत आहे. मूल ३० म्हणाले. ३० आणि २८ अठ्ठावन्न. पासष्टला सात कमी पडले. म्हणून तीसात सात मिळविले, सदतीस. ताळा: ३७ आणि २८ पासष्ट. इजिप्तमधील आहमेस नावाच्या लेखकाने सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी उतरून काढलेल्या पपायरसच्या गुंडाळीत अशी उदाहरणे आहेत. एका राशीत तिचाच सातवा हिस्सा मिळविला तर १९ होतात, ती रास कोणती? तो म्हणतो, रास ७ धरा. सात आणि त्याचा सातवा हिस्सा एक, मिळून आठ. पाहिजेत एकोणीस. म्हणजे आठाचे एकोणीस करावयास ज्या पटीने वाढवावे लागते, त्याच पटीने सातही वाढवावे. उत्तर १६ ५/८. आपल्या लीलावतीत हीच रीत इष्टकर्म ह्या नावाने येते. मुलाच्या उदाहरणात पट लागत नाही, कमी पडले तेवढे मिळविले की काम होते. कारण तेथे अज्ञात संख्येत ठरलेली संख्या मिळविली आहे, आहमेसच्या उदाहरणात राशीचाच हिस्सा. हा भेद मोठ्या मुलांना अवश्य दाखवावा.

ज्यांच्या घरी चौथी-पाचवीतील मुले असतील, त्यांनी उभ्या मांडणीची बेरीज घेऊन तिच्यातील अंक झाकून पाहावे. वर ४□, खाली □७, आणि बेरीज ८२. एककाच्या घरात कशात सात मिळविले म्हणजे २ येतील? एका अंकात सात मिळवून दोन होणे शक्य नाही, म्हणून बारा झाले असले पाहिजेत. चौकटीत ५, आणि हातचा एक. आता दशकाच्या घरात ४, चौकट, आणि तो हातचा मिळून ८. जे मूल हातचा विसरते ते येथे ४ लिहिते, ताळा करताच ९२ येतात, आणि चूक त्याची त्यालाच सापडते. खरे उत्तर ३. ४५ आणि ३७ ब्याऐंशी. हातचा ही नुसती लिहावयाची खूण नव्हे, ती खरी दहाची रास आहे, हे शंभर सरळ बेरजांनी जितके पटत नाही तितके अशा एका उदाहरणाने पटते.

ताळ्याविषयी मात्र आग्रह धरावा. सापडलेली संख्या चौकटीत घालून वाक्य पुन्हा मोठ्याने वाचावयाचे: ‘सात अधिक पाच म्हणजेच बारा.’ आरंभीच्या मुलाने ‘सात अधिक एकोणीस म्हणजेच बारा’ असे स्वतःच्या तोंडाने वाचले असते, तर ते स्वतःच हसले असते.

ह्यात मूल तरबेज झाले, की ते स्वतःच नवे प्रश्न काढू लागते. □ + □ = १२ ह्यात दोन्ही चौकटी सारख्या असल्या तर दोहोंत सहाच; परंतु एक चौकट आणि एक त्रिकोण असला तर? शून्य आणि बारा, एक आणि अकरा, असे करीत बारा आणि शून्यापर्यंत तेरा जोड्या होतात, आणि त्या सर्व खऱ्या. एखादे धीट मूल □ + ५ = ३ असेही लिहून आणते. ‘असे होतच नाही’ म्हणून त्याला परतवू नये. बोरांच्या बाबतीत ते होत नाही, हे खरे. उधारीच्या वहीत मात्र रोज होते. वाण्याचे दोन रुपये देणे होते, वडिलांनी पाच रुपये दिले, ते देणे फेडून हाती तीन उरले. तर आरंभी हाती काय होते? दोन रुपयांचे देणे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात अशा संख्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले. जवळ असलेल्याला त्याने धन म्हटले आणि देणे असलेल्याला ऋण. आणि आजही मराठी शाळेत मुले तीच दोन नावे घेतात.